आधी विचारा, समोरची काच बदलली होती का?

लेन असिस्ट (गाडीला लेनच्या रेषांमध्ये ठेवणारी यंत्रणा) अचानक स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं तर पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटची वाट बघा, असा सल्ला दिला जातो, पण मला तो अर्धाच पटतो. अपडेटने फरक पडतो, नाही असं नाही. पण आधी नीट चालणारी गाडी मधेच असं करू लागली असेल, तर मधल्या काळात समोरची काच बदलली होती का ते आधी आठवा. रेषा बघणारा कॅमेरा बहुतेक गाड्यांत आतल्या आरशामागे, काचेला लागूनच बसवलेला असतो. काच बदलताना त्याचा कोन किंचित हलू शकतो. हा फरक फक्त एक अंशाचा असला तरी 100 मीटरवर तो जवळपास पावणेदोन मीटर होतो, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनचा निम्मा भाग!

आमच्या गाडीचं नेमकं हेच झालं. काच उत्तम बसवली होती, पण कॅलिब्रेशनचं, म्हणजे कॅमेरा पुन्हा अचूक जुळवून घेण्याचं, कोणी नावही काढलं नाही. डॅशबोर्डवर इशाऱ्याचा एकही दिवा लागला नव्हता, हे मला जास्त गंभीर वाटतं. काही गाड्यांत कॅलिब्रेशन समोर मोजून ठेवलेल्या नक्षीच्या बोर्डावर करतात, काहींत स्कॅनर (गाडीची यंत्रणा तपासायचं उपकरण) जोडून ठळक रेषांच्या रस्त्यावर गाडी चालवून, तर काहींना दोन्ही लागतं. आमच्या गाडीचं ओढणं कॅलिब्रेशन करून घेतल्यावर थांबलं. काचेच्या बिलाबरोबर कॅलिब्रेशनचा रिपोर्ट मागाच, आणि विम्यातून काच बदलत असाल तर हा खर्च क्लेममध्ये बसतो का तेही आधीच विचारून घ्या.