मदत हवी आहे: एसईव्ही (गेस्टची मेमरी एनक्रिप्ट करणारी एएमडीची सोय) चालू केलं की पर-सीपीयू स्टील टाइमचे आकडे बिघडतात

नमस्कार मंडळी,

शिकण्यासाठी एक छोटा ६४-बिट कर्नल लिहितोय, सी मध्ये. केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) गेस्ट म्हणून चालतो, क्यूईएमयूमध्ये (मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) चार व्हीसीपीयू, म्हणजे व्हर्च्युअल प्रोसेसर, दिलेत. खालचं मशीन, म्हणजे होस्ट, एएमडी एपिक, ७००२ मालिकेतलं. माझ्या शेड्युलरला स्टील टाइम हवाय, म्हणजे व्हीसीपीयू पळायला तयार असूनही होस्टने त्याला किती वेळ ताटकळत ठेवलं, तो हिशेब.

सीपीयूआयडीत (प्रोसेसरची माहिती देणारी सूचना) केव्हीएमची सही तपासली, फीचर्सच्या लीफमध्ये (तिच्या माहितीच्या एका पानात) ५ वा बिट १ आहे. प्रत्येक प्रोसेसरला ६४ बाइटचं, ६४ वर अलाइन केलेलं स्ट्रक्चर दिलंय: आधी ८ बाइट स्टील (नॅनोसेकंदात), ४ बाइट व्हर्जन, ४ बाइट फ्लॅग्ज, १ बाइट प्रीएम्प्टेड, उरलेलं पॅडिंग. ते शून्य करून प्रत्येक प्रोसेसर आपापल्या स्ट्रक्चरचा फिजिकल पत्ता, बिट ० लावून, स्टील टाइमच्या एमएसआरमध्ये (प्रोसेसरचं खास रजिस्टर) लिहितो. वाचताना व्हर्जन विषम दिसलं किंवा मधेच बदललं तर पुन्हा वाचायचं.

साध्या गेस्टमध्ये हे झकास चालतं. होस्टवर मोठं कंपाइल लावलं की चारही आकडे चढताना दिसतात. एसईव्ही (नुसतं, ईएस किंवा एसएनपी या त्याच्या पुढच्या आवृत्त्या नाहीत) चालू केलं की मात्र:

प्रोसेसर ० वर अचाट आकडे येतात, दर वेळी वेगळे. मधेमधे वाचणारा लूपही उगाच घुटमळतो.

प्रोसेसर १, २, ३ वर कायम शून्य. जीपी फॉल्ट (प्रोसेसरने दिलेली चुकीची सूचना) नाही, काही नाही. एमएसआर परत वाचला तर मी लिहिलेलीच किंमत येते.

उपयोगी पडेल म्हणून सांगतो: प्रोसेसर ० हा कर्नल इमेजमधला मूळ पर-सीपीयू सेक्शनच वापरतो, त्यामुळे फिजिकल पत्ता ठरलेला ऑफसेट वजा करून मिळतो. बाकी तिघांच्या प्रती वेगळ्या व्हर्च्युअल भागात आहेत, तिथे पेज टेबल चालून पत्ता काढतो. माझा संशय मेमरी बॅरियरवर आहे. कुणी हे केलंय का?

प्रतिसाद १

एसईव्ही बंद करा, प्रश्न मिटला. :)

प्रतिसाद २

वरचा उपाय बिनखर्चाचा आहे, पण असो. बॅरियरचा इथे संबंध नाही. तुमच्याकडे दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि दोन्ही सी-बिटची (पेज टेबलच्या नोंदीतला, पान एनक्रिप्टेड आहे हे सांगणारा बिट).

आधी प्रोसेसर ०. पत्ता बरोबर आहे, होस्ट बरोबर जागी लिहितोय. पण तुमच्या पेज टेबलमध्ये त्या पानावर सी-बिट लागलेला आहे, म्हणजे तुम्ही जे वाचता ते गेस्टच्या किल्लीने उलगडून वाचता, आणि होस्टने तर साधंच लिहिलंय. एनक्रिप्शन १६ बाइटच्या ब्लॉकने होतं. तुमच्या स्ट्रक्चरचे पहिले १६ बाइट पाहा: स्टील, व्हर्जन, फ्लॅग्ज, बरोबर एक ब्लॉक. होस्टने व्हर्जन एकाने वाढवलं तरी तुमच्या बाजूला तिन्ही फील्ड पार बदलतात. व्हर्जन सम येईल की विषम हा निव्वळ योगायोग, म्हणून लूप घुटमळतो. शिवाय केव्हीएम आधीची स्टील किंमत तुमच्याच मेमरीतून वाचून त्यात भर घालतो. तुम्ही शून्य लिहिलंत ते त्याला सायफरटेक्स्ट (एनक्रिप्ट झालेला डेटा) दिसतं आणि त्यातच तो मिळवत बसतो. दोन्हीकडून कचरा.

आता १ ते ३. एमएसआरमध्ये लिहिलेला पत्ता हेक्समध्ये छापून बघा. पेज टेबलच्या नोंदीतून पत्ता काढताना तुमच्या मास्कने सी-बिट पत्त्यातच राहू दिलाय असं वाटतं. त्याची जागा सीपीयूआयडी ८०००००१एफ लीफच्या ईबीएक्सच्या खालच्या ६ बिटांत मिळते. केव्हीएम या एमएसआरला लिहिताना अलाइनमेंटचे खालचे राखीव बिट तपासतो, वरचे नाही. मग तसल्या अवाढव्य पत्त्यावर गेस्टची मेमरी सापडत नाही आणि तो गुपचूप परत फिरतो. तुमचं शून्य जसंच्या तसं.

उपाय लिनक्सने ४.१५ पासून केलाय तोच. 'डिफाइन_पर_सीपीयू_डिक्रिप्टेड' हा मॅक्रो शोधा. होस्टशी वाटून घ्यायची पर-सीपीयू व्हेरिएबल्स वेगळ्या सेक्शनमध्ये जातात, आणि तो सेक्शन दोन्ही टोकांना पानावर अलाइन केलेला असतो. सी-बिट पेज टेबलच्या नोंदीवर असतो, ६४ बाइटपुरता काढता येत नाही. त्याच पानावर शेजारी दुसरं व्हेरिएबल राहिलं तर त्याचा तरी कचरा होईल, नाहीतर ते होस्टला उघडं पडेल. ६४ बाइटसाठी ४ केबी जातात, जाऊ द्या.

क्रम सांभाळा. आधी चारही प्रती तयार करा, मग बूट प्रोसेसरनेच प्रत्येक प्रतीच्या त्या पानाचा सी-बिट काढावा. नुसत्या मूळ सेक्शनचा काढून भागणार नाही, नक्कल दुसऱ्या पानावर असते. पान २ एमबीच्या मॅपिंगमध्ये असेल तर आधी ते फोडा. ७००२ वर कॅशची भानगड हार्डवेअर स्वतः सांभाळतं की नाही ते सीपीयूआयडीच्या ८०००००१एफ लीफच्या ईएएक्समधला बिट १० सांगतो. शून्य असेल तर सी-बिट काढण्याआधी त्या भागावर सीएलफ्लश (कॅश रिकामी करणारी सूचना) चालवा. सी-बिट काढल्यावर टीएलबी (पत्त्यांच्या भाषांतराची कॅश) फ्लश, मग नव्या मॅपिंगमधून शून्य करा (आधी केलेलं शून्य आता कामाचं नाही), आणि सगळ्यात शेवटी एमएसआर.

आणखी एक. होस्टवर विश्वास नाही म्हणून तर एसईव्ही. तेव्हा त्याने दिलेला स्टील टाइम डोळे मिटून शेड्युलरला देऊ नका. दोन वाचनांमधली वाढ मधल्या प्रत्यक्ष वेळेपेक्षा जास्त आली तर तिथेच कापा.

धागाकर्ता

पत्त्यात ४७ वा बिट होता! वेगळा सेक्शन केला, चारही आकडे जागेवर आले. मनापासून आभार.

एकच शंका: प्रोसेसर ऑफलाइन केला की त्याची प्रत मी अलोकेटरला परत देतो. आता कधीकधी भलत्याच एखाद्या स्ट्रक्चरचे काही बाइट बदललेले सापडतात. हेच प्रकरण का?

प्रतिसाद २

हेच. होस्टला तुम्ही पान सोडलंय हे कळलेलंच नाही, तो जुन्या पत्त्यावर लिहितोय. ऑफलाइन जाणाऱ्या प्रोसेसरने स्वतः आपल्या एमएसआरमध्ये ० लिहायचं, मग त्या पानाला सी-बिट परत लावून टीएलबी फ्लश, आणि त्यानंतरच पान अलोकेटरकडे. सी-बिट विसरलात तर पान पुढे ज्याला मिळेल त्याचा डेटा उघडा राहील. केएक्झेकने (मशीन रीबूट न करता) दुसरा कर्नल उठवणार असाल तर त्याआधी सगळ्या प्रोसेसरवर एमएसआर असाच बंद करा, नाहीतर नव्या कर्नलच्या मेमरीत होस्ट जुन्याच पत्त्यांवर लिहीत राहतो.