कपाटातली विक्रांत नेमकी कोणत्या सालची?

सोसायटी ग्रुप, जळगाव
शनिवार, रात्री ८ नंतर

सेक्रेटरी (ए १०३): सर्वांना नमस्कार. तळमजल्याच्या हॉलमधलं काचेचं कपाट डी ४०२ च्या आप्पांनी त्यांच्या जहाजांच्या मॉडेलसाठी मागितलंय. गणपतीच्या आत हॉलला रंग द्यायचाच आहे, तेव्हाच कपाटही आवरून घेऊ. कोणाची हरकत असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत इथेच सांगा.

दादा (बी २०१): कपाटात क्रिकेटच्या दोन ट्रॉफ्या आहेत साहेब. त्या कुठे जाणार?

सेक्रेटरी (ए १०३): वरच्या फळीवर तिथंच राहतील. खालच्या तीन फळ्यांवर जुन्या पावत्यांच्या फायली आहेत, त्या ऑफिसात हलवतो.

काकू (डी ३०२): कपाटाला माझी हरकत नाही. पण आप्पा, राग मानू नका, मागच्या महिन्यात दोन दिवस जिन्यात थिनरचा वास कोंडला होता. नातीला दमा आहे. रात्रभर बसून होती ती.

आप्पा (डी ४०२): काकू, चूक माझी आहे. पावसामुळे गच्चीवर जाता आलं नाही म्हणून बाल्कनीत स्प्रे मारला आणि जिन्याकडचं दार उघडं राहिलं. यापुढे स्प्रे फक्त गच्चीवर, तोही उघडीप असेल तेव्हा. घरात ब्रशचं काम आणि पाण्यातले रंग, बस. पोरीला त्रास झाला हे तुम्ही त्याच दिवशी दार वाजवून सांगायला हवं होतं.

काकू (डी ३०२): बरं. विषय संपला माझ्याकडून.

आप्पा (डी ४०२): [फोटो] ही आपल्या नौदलाची जुनी विक्रांत, विमानवाहू नौका. मॉडेलला दोन वर्षं चार महिने लागले.

जिभाऊ (सी १०२): आप्पा, भलती भारी शे हाई बोट! रेडिमेड आणली का हाते करी?

आप्पा (डी ४०२): हातानं, जिभाऊ. आत सनबोर्डचे, म्हणजे फोमच्या कडक शीटचे, थर एकावर एक चिकटवून तासलेत. जहाजाचे आडवे काप काढायचे, प्रत्येक थर त्या मापानं कापायचा, पायऱ्या दिसतात त्या घासून काढायच्या, मग पुट्टी भरून परत घासायचं. माप १ ला ३५०. खरी विक्रांत २१३ मीटर होती, माझी ६१ सेंटीमीटर आहे. इथं एक मिलिमीटर चुकला की खऱ्या जहाजावर फूटभराहून जास्त चूक होते. रेल्वेच्या लोको शेडला ३४ वर्षं फिटर होतो, त्यामुळे मिलिमीटरची सवय आहे. लांबी ठाऊक असली की बाकीची मापं फोटोवरून त्रैराशिकानं काढता येतात.

दादा (बी २०१): आप्पा, एक विचारू? शाळेच्या सहलीत आम्ही मुंबईला विक्रांत आतून पाहिली होती, म्युझियम होतं तेव्हा. पुढचं टोक वर चढत गेलेलं होतं, घसरगुंडीसारखं. तुमची तर पुढे सपाट आहे.

मामा (ए २०२): हो, मलाही तेच वाटलं. नेव्हीच्या जहाजात चूक नको, उद्या कोणी फोटो काढून टाकला तर सोसायटीचं नाव जाईल.

आप्पा (डी ४०२): दादा, तू पाहिलंस ते बरोबर. माझंही बरोबर आहे. जरा लांबण लागेल, पण लिहितो.

विक्रांत नौदलात आली ४ मार्च १९६१ ला आणि निवृत्त झाली ३१ जानेवारी १९९७ ला. छत्तीस वर्षांत जहाज तेच राहत नाही. आधी तिच्यावर सी हॉक ही जेट विमानं आणि पंखेवाली अलिझे विमानं होती. ती उडायची वाफेच्या कॅटापुल्टनं, म्हणजे डेकमधल्या खाचेतून वाफेच्या जोरावर विमान पुढं फेकलं जायचं. त्याला सपाट डेक लागतो. डिसेंबर १९७१ मध्ये तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले, ते अशा सपाट डेकवरून. त्या वेळी तिच्या एका बॉयलरला तडे होते, पूर्ण वेगानं पळताही येत नव्हतं, तरी ती गेली. पुढे सी हॅरियर ही जेट विमानं आली, ती कॅटापुल्टशिवाय चढावरून उडवायची होती. त्यांच्यासाठी १९८७ ते ८९ च्या दुरुस्तीत पुढचं टोक ९.७५ अंशांनी वर उचललं. तू पाहिलीस ती त्यानंतरची विक्रांत.

म्हणून जहाज करायला बसलं की पहिला प्रश्न असतो, कोणत्या सालचं? मी तर महिनाही ठरवतो. माझी आहे डिसेंबर १९७१ ची. डेकवर सी हॉक आणि अलिझे आहेत, एकही हॅरियर नाही. सपाट डेकवर हॅरियर उभं केलं असतं तर मग खरंच सोसायटीचं नाव गेलं असतं, मामा.

मामा (ए २०२): पटलं. पण मग हे सगळं कपाटावर लिहा. आमच्यासारखा माणूस चूकच समजणार.

आप्पा (डी ४०२): लिहिणार. नाव, साल, माप. एवढं कार्ड प्रत्येकाखाली हवंच.

दादा (बी २०१): सॉरी आप्पा. झूम करून पाहिलं आत्ता. डेकवर ते पिवळे ठिपके काय आहेत?

आप्पा (डी ४०२): माणसं आहेत ती. डेकवर काम करणारे रंगीत जर्सी घालतात, कोणाचं काम काय ते लांबून कळावं म्हणून. पावणेसहा फुटी माणूस या मापात पाच मिलिमीटरचा होतो. प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून ओढली की केसासारखी तार होते. जाड भागाची माणसं कापली, बारीक भागाच्या अँटेना केल्या. तार ओढताना पंखा बंद लागतो, मे महिन्यात घामानं चष्मा घसरायचा.

ताई (बी ३०३): आप्पा, आमचा लहाना फोन ओढतोय. विचारतोय, बोटीचं पोट लाल का असतं?

आप्पा (डी ४०२): चांगलं विचारलं त्यानं. पाण्याखालच्या भागाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात, जहाज जड होतं, तेल जास्त खातं. ते चिकटू नयेत म्हणून तिथल्या रंगात तांब्याचं संयुग घालतात. तांब्याचा तो ऑक्साइड मुळातच लालसर, तिथून हा लाल रंग रूढ झाला.

ताई (बी ३०३): आता म्हणतो पाणबुडी पण करा. आणि करताना मला बोलवा.

आप्पा (डी ४०२): त्याला म्हणावं, पाणबुडी जळगावात करणं सगळ्यात सोपं. मी खरंच म्हणतोय. आपल्या आताच्या कलवरी जातीच्या पाणबुड्या माझगाव डॉकमध्ये बांधल्या, पहिली नौदलात आली १४ डिसेंबर २०१७ ला. दुसरीचं नाव खांदेरी, महाराजांनी बांधलेल्या किल्ल्यावरून. लांबी ६७.५ मीटर, अंगाची जाडी ६.२ मीटर. आता १ ला १०० नं भागा. जाडी येते ६२ मिलिमीटर. आणि आपल्याकडं शेतात कोणता पाइप पडलेला असतो?

जिभाऊ (सी १०२): ६३ चा! ठिबकच्या सबमेनला, म्हणजे शेतात पाणी वाटणाऱ्या पाइपाला, तोच टाकतो आम्ही.

आप्पा (डी ४०२): बस. एका मिलिमीटरचा फरक, तोही घासण्यात थोडा कमी होतो. पीव्हीसी गुळगुळीत असतं, रंग धरत नाही, म्हणून आधी २२० चा पॉलिश पेपर, मग ४०० चा, मग प्रायमर. नाक आणि शेपूट लाकडाचं, खराद्याकडून गोल करून घ्यायचं. जोडावर एम-सील, वर पुट्टी. आणि रंग निव्वळ काळा नाही द्यायचा. काळ्यात थोडा राखाडी मिसळायचा. मोठी वस्तू लांबून पाहतो तेव्हा तिचा काळा फिका दिसतो, लहान वस्तूवर तो फिकेपणा आपण द्यावा लागतो. नाहीतर रंगवलेला पाइपच दिसतो.

जिभाऊ (सी १०२): सबमेनची सबमरीन 👌 रावेरच्या मळ्यात केळीच्या बागेत पाइपाचे तुकडे पडलेत. उद्या जातोच आहे, पोऱ्यासाठी घेऊन येतो.

सेक्रेटरी (ए १०३): विषय कपाटाचा होता 🙏 आप्पा, तुम्हाला कपाटात काय काय लागेल ते सांगा म्हणजे सुताराला एकदाच बोलावतो.

आप्पा (डी ४०२): साहेब, पहिली गोष्ट जागा. आत्ता कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे, तिथं नको. माझं पहिलं जहाज मी मे महिन्यात धुळ्याला नेलं होतं, भाच्याला दाखवायला. गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलं आणि लग्नघरी जेवायला गेलो. दोन तासांनी येऊन पाहतो तर डेक पापडासारखा वळलेला, डोलकाठी आडवी. सरळ झालं नाही ते कधीच. म्हणून कपाट जिन्याकडच्या भिंतीला लावा, तिथं ऊन येत नाही.

दुसरं, एलईडी पट्टी काचेच्या बाहेरून लावा, आत उष्णता नको. दाराच्या फटीला रबर, नाहीतर उन्हाळ्यातली वावटळ एका आठवड्यात डेक मातकट करेल. आणि मधली फळी लहान पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर. वरून पाहिलं की नुसता डेक दिसतो, पाण्याच्या रेषेत डोळा आणला की जहाज मोठं होतं. पाणबुडीखाली आरसा ठेवीन, पोट दिसायला.

मामा (ए २०२): आप्पा, समुद्र कुठे आणि आपण कुठे! हा नाद लागला कसा?

आप्पा (डी ४०२): रिटायर झाल्यावर दीवला गेलो होतो. तिथं समुद्राकडे तोंड करून खुकरी या युद्धनौकेचं स्मारक आहे, काचेत जहाजाचं मॉडेल. ९ डिसेंबर १९७१ ला ती बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले. हे पेपरात वाचलेलं होतं. पण त्या काचेपुढं उभं राहिलो आणि पहिल्यांदा कळलं, एवढ्या जागेत एवढी माणसं होती. डोळ्यांनी माणसं मोजायला लागलो मी. परत आलो आणि पत्रा कापायची कात्री काढली.

वहिनी (सी ३०१): आप्पा, इतका वेळ वाचत होते. माझे बाबा विक्रांतवर होते. आम्ही पारोळ्याकडचे. बाबा बॉयलर रूमला होते. वरच्या विमानांचं सगळे विचारतात, बाबा म्हणायचे मी विमान उडताना फार कमी पाहिलं, डोक्यावर दणका ऐकू यायचा. जहाज २०१४ साली भंगारात निघालं तेव्हा पेपरातलं कात्रण त्यांनी कापून पासबुकात ठेवलं होतं. अजून आहे माझ्याकडे.

काकू (डी ३०२): अगं, इतक्या वर्षांत बोलली नाहीस कधी!

आप्पा (डी ४०२): वहिनी, बाबा कोणत्या वर्षी होते तिच्यावर?

वहिनी (सी ३०१): नक्की नाही आठवत. मी तिसरीत की चौथीत होते. थांबा, एक फोटो आहे.

वहिनी (सी ३०१): [फोटो] उजवीकडून दुसरे बाबा.

दादा (बी २०१): मागे बघा! चढ दिसतोय पुढे!

आप्पा (डी ४०२): हो. बाबांच्या खांद्याच्या वर जी तिरकी कड दिसते ती उचललेल्या टोकाची आहे. म्हणजे फोटो त्या दुरुस्तीनंतरचा. वहिनी, माझ्या जहाजावर तुमचे बाबा नाहीत. ते माझ्या सालानंतरच्या जहाजावर होते.

वहिनी (सी ३०१): मग ते पुढचं टोक नंतर बसवता नाही येणार?

आप्पा (डी ४०२): बसवता येईल, पण बसवणार नाही. १९७१ ची ती १९७१ चीच राहू दे. बाबांची वेगळी करतो. सनबोर्ड असा वाकत नाही, चढाला पत्र्याची पट्टी घ्यावी लागेल, तो हात माझा बसलेला आहे. हॅरियर लहान विमान, पंखांची रुंदी ७.७ मीटर, या मापात २२ मिलिमीटर. तीही करतो. फक्त त्या फोटोची मूळ प्रत एकदा भिंगाखाली पाहू द्या. धुरांड्याजवळ काही दिसतंय, मोबाइलवर कळत नाही.

वहिनी (सी ३०१): उद्या घेऊन येते. कात्रण पण आणते.

आप्पा (डी ४०२): या. बॉयलरचा धूर उजव्या बाजूच्या इमारतीतून वर यायचा, तिला आयलंड म्हणतात. ती १९७१ च्या मॉडेलवरही आहे. बोट ठेवून दाखवतो, इथून खाली तुमचे बाबा.

सेक्रेटरी (ए १०३): मग फळ्या तीन नाही, चार धरतो. ट्रॉफ्या कपाटाच्या डोक्यावर चालतील का, बी विंग?

दादा (बी २०१): चालतील साहेब. आणि सुताराला मदत लागली तर मी आहे.

रविवार, दुपारी ४ नंतर

जिभाऊ (सी १०२): [फोटो] आप्पा, हा चालेल का? कॅलिपर नव्हता, पाइपावरच छापलेलं आहे ६३.

ताई (बी ३०३): लहाना सकाळपासून गेटवर उभा होता जिभाऊंच्या गाडीची वाट बघत. आता पाइप घेऊन सोफ्यावर बसलाय, हात लावू देत नाही.

आप्पा (डी ४०२): लांबी किती भरते, त्याला मोजायला सांगा.

ताई (बी ३०३): म्हणतो, माझ्या बाबांच्या एक हाताएवढा. पट्टीनं ४६ सेंटीमीटर.

आप्पा (डी ४०२): पुरे. उरलेलं नाक आणि शेपूट.