चक्रीवादळाची कॅटेगरी कमी म्हणजे धोका कमी, असं नाही

एकांनी लिहिलंय की चक्रीवादळाची कॅटेगरी (१ ते ५ अशी असते) १-२ असेल तर फार टेन्शन घ्यायचं कारण नाही, ४-५ आली तरच घर सोडायचं. हे अजिबात पटलं नाही. ती कॅटेगरी फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरते, पाऊस किती पडणार, समुद्र किती आत घुसणार याचा त्यात हिशोबच नाही, आणि माणसं मरतात ती जास्त करून पाण्यानेच. कतरिना वादळ २००५ मध्ये समुद्रात असताना ५ होतं, अमेरिकेत लुइझियानाला धडकलं तेव्हा ३ वर आलेलं, पण एकदा ढकललं गेलेलं पाणी वारा कमी झाला म्हणून लगेच मागे थोडंच फिरतं, मिसिसिपीच्या किनाऱ्यावर ते जवळजवळ २८ फूट चढलं!

आणि इशारा मिळाला तरी तो कळायला पाहिजे ना. २०१३ मध्ये फिलिपिन्सला हैयान वादळ आलं तेव्हा इशारे आधीच दिले होते, त्यात 'स्टॉर्म सर्ज' (म्हणजे वादळाने समुद्राचं पाणी किनाऱ्यावर ढकललं जाणं) असं स्पष्ट म्हटलेलं, पण तिथल्या टॅक्लोबान शहरातल्या कितीतरी लोकांना त्या शब्दाचा अर्थच माहीत नव्हता. नंतर लोक सांगत होते की त्सुनामीसारखं पाणी येणार आहे असं म्हणाले असते तर पळालो असतो. ६००० च्या वर माणसं गेली हो. हे वाचल्यापासून मी कुठलंही वादळ आलं की कॅटेगरी नंतर बघते, आधी सर्ज किती फूट सांगितलाय आणि तेव्हा भरती आहे का ते शोधते, कारण भरतीच्या वेळी आलं तर तेच पाणी अजून वर चढतं.