कार्डं पाकिटात बसना गेलीत (दिवाळी, तातडीचं)

प्रेषक: परभणीच्या काकू

सगळ्यांना नमस्कार. लीड्सच्या दिवाळीच्या १२० शुभेच्छापत्रांपैकी ७० कार्डं तयार आहेत, आणि टपालदादांनी जाडी तपासायला पाठवलेल्या ५ मिमीच्या फटीतून त्यातलं एकही सरकना गेलंय.

कागद ठरला तोच, कागजीपुऱ्याचा हातकागद, २०० ग्रॅमचा (चौरस मीटरला). माप १४८ × २१० मिमी, मधे घडी, पाकीट सी-६. समोर क्विलिंगची, म्हणजे कागदी पट्ट्या गुंडाळून केलेली, मुनिया (पैठणीवरचा पक्षी), आत उभी राहणारी पणती. कोरं कार्ड घडी घालून ठेवलं तर सपाट बसतं. आतला पणतीचा कागद चिकटवला की दुसऱ्या दिवशी कौलासारखं वळायलंय. मुनिया असलेल्या कार्डाचं तर विचारूच नका. वहिनी, पट्टी ३ मिमीचीच कापलीय, ५ ची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पुढची ५० थांबवलीत. पार्सल सोमवारी निघायचं आहे. कुठं चुकायलंय ते आजच सांगा.

प्रेषक: टपालदादा (लीड्स)

काकू, फट मी बदलू शकत नाही, ती रॉयल मेलची, म्हणजे इथल्या ब्रिटिश टपालाची आहे. साधं पत्र म्हणजे लांबी-रुंदी २४० × १६५ मिमीच्या आत, जाडी ५ मिमीपर्यंत, वजन १०० ग्रॅमपर्यंत. यातलं एक जरी ओलांडलं तरी ते 'लार्ज लेटर' होतं. त्यात २५ मिमी जाडी चालते, पण तिकीट महाग. तिकीट कमी लावलं तर जास्तीचे पैसे घेणाऱ्याला भरावे लागतात. शुभेच्छापत्र सोडवायला पाहुण्याला पैसे भरायला लावणं बरोबर नाही.

वजनाची चिंता सोडा. २०० ग्रॅमच्या कागदाचा १४८ × २१० चा तुकडा सव्वासहा ग्रॅम भरतो, आतला कागद साडेतीन-चार, पाकीट पाच. सगळं मिळून १५-१६.

अडचण जाडीची आहे. हातकागद ०.४ मिमी धरा, घडीचे दोन पदर म्हणजे ०.८. आतल्या १२० ग्रॅमच्या कागदाचे दोन पदर, पायरी (पणती जिच्यावर उभी राहते ती घडी) आणि पणती मिळून ०.८. पाकिटाच्या दोन्ही बाजू ०.३. झाले १.९. त्यावर ३ मिमीची मुनिया म्हणजे ४.९. उरला ०.१ मिमी. कागद जरा वळला की गेला.

३ मिमीचं माप ठरलं तेव्हा आत पणती नव्हती. पणती नंतर आली आणि मला कुणी विचारलं नाही. पाकीट आणि तिकीट माझ्याकडे आहे, तर कार्डात काही वाढवण्याआधी मला एक ओळ टाकत चला.

प्रेषक: लातूरच्या वहिनी

> ३ मिमीचं माप ठरलं तेव्हा आत पणती नव्हती

बरोबर आहे, पण मुनिया काढू नका, पट्टी बदला. २ मिमीची पट्टी घेतली की दादांचाच हिशेब ३.९ वर येतो. बाजारात तयार पट्टी बहुतेक ३ आणि ५ चीच मिळते. २ ची घरी कापावी लागेल. ८० ते १०० ग्रॅमचा रंगीत कागद घ्या, लोखंडी पट्टी आणि नवं पातं, दर ३०-४० पट्ट्यांनी पातं बदलायचं. बोथट पात्यानं कड तुसासारखी उठते आणि गुंडाळी सैल पडते. कात्रीनं कापू नका, २ मिमीत अर्ध्या मिमीचा फरकही लगेच दिसतो.

अरुंद पट्टीची गुंडाळी हातात नीट धरता येत नाही, म्हणून सुईच्या चिरेत टोक अडकवून गुंडाळा आणि शेवटी सुई उलट अर्धा वेढा फिरवून काढा. नाहीतर मधला भाग वर ओढला जातो आणि शंकूसारखा उभा राहतो. ही चूक सत्तर कार्डांत किती ठिकाणी आहे ते बघा. मधला शंकू अर्धा मिमी उठला तरी फटीत अडकतो.

मुनियेचं अंग एका मोठ्या थेंबाचं, शेपूट दोन लांबट पानांची, चोच लाल पट्टीची एक बारीक घडी. पैठणीवरची मुनिया पोपटी असते, ती पोपटीच ठेवा. गडद हिरवी केली की लांबून पानच वाटते.

आणि फेव्हिकॉल गुंडाळीला वरून लावू नका. काचेवर किंवा फरशीच्या तुकड्यावर पातळ थर पसरा, गुंडाळीची खालची कड त्यात टेकवा आणि लगेच कार्डावर ठेवा. भोवती सांडलेला थेंब सुकला की चकाकतो, हातकागदावर तो पुसता येत नाही.

प्रेषक: नांदेडचे सर

काकूंचा खरा प्रश्न कागद वळतो कामून, हा आहे, आणि त्याला अजून कुणी हात लावलेला नाही. पट्टी २ ची करा, पण वळलेलं कार्ड तेवढ्यानं सरळ होणार नाही.

ओलं झालं की कागदाचे तंतू जाडीनं फुगतात, लांबीनं फारसे वाढत नाहीत. यंत्राच्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेनं पडलेले असतात, त्यामुळे तो एका अंगानं जास्त पसरतो आणि सुकताना त्याच अंगानं जास्त आखडतो. साच्यावर उचललेल्या हातकागदात तंतू सगळीकडे पडतात, तो चहूबाजूंनी सारखा हलतो. तुम्ही हातकागदावर यंत्राचा १२० ग्रॅमचा कागद पूर्ण अंगभर फेव्हिकॉल लावून चिकटवला. सुकताना आतला ओढतो, बाहेरचा तेवढा ओढत नाही. मग कार्ड आतल्या बाजूला वळणारच.

दुसरं असं, की हा कागद पाणी पितो. दौलताबादहून खुलताबादला जाताना लागणाऱ्या कागजीपुऱ्यातलं कागदाचं काम तुघलकानं १३२७ साली राजधानी देवगिरीला आणली तेव्हापासूनचं सांगतात. जुना लिहिण्याचा देशी कागद खळ लावून, वाळवून, अकीकाच्या दगडानं घोटलेला असे, म्हणून त्यावर शाई फुटत नसे. आपण शुभेच्छापत्रांना आणतो तो चिंध्यांच्या लगद्याचा आहे, पण घोटलेला नाही. तपासायचं असेल तर कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. मिनिटभर मण्यासारखा थांबला तर खळ पुरेशी आहे. लगेच पसरला तर फेव्हिकॉलमधलं पाणीही असंच आत जाणार. हाच कागद इंकजेटमध्ये घातला तर अक्षरं पिंजतात, तेव्हा आतला मजकूर हातकागदावर छापायचा विचार कुणी करू नये.

आता उपाय. आतला कागद पूर्ण चिकटवू नका. कडेनं ५ मिमीची पट्टी तेवढी, तीही दुतोंडी टेपची किंवा ग्लू-स्टिकची, म्हणजे पाणी जवळजवळ नाहीच. घडीजवळ आणि पायरीच्या मागे काहीच लावायचं नाही, तिथं चिकटलं की पणती उभी राहत नाही. आतल्या कागदाची तंतूंची दिशा घडीला समांतर असू द्या. दिशा कळत नसेल तर १ सेमी रुंद, १५ सेमी लांब दोन पट्ट्या कापा, एक उभी एक आडवी, टोकाला धरून आडव्या पकडा. जी कमी लवते तिच्या लांबीत तंतू आहेत.

घडीची रेघ सुकलेल्या रिफिलीनं, बाहेरच्या अंगानं मारा, म्हणजे उठाव आतल्या बाजूला येतो. बरेच जण आतून रेघ मारून त्याच खाचेत दुमडतात. मग बाहेरचा पदर ताणला जातो आणि घडीवर चिरतो.

सगळ्यात महत्त्वाचा क्रम: आधी रेघ आणि घडी, मग आतला कागद, मग बटर पेपर मधे घालून जाड पुस्तकांखाली रात्रभर दाब, आणि मुनिया शेवटी. मुनिया लावल्यावर कार्डाला दाब देता येत नाही. तुमच्याकडे मुनिया आधी लागली असणार.

प्रेषक: जालन्याचे मामा

फेव्हिकॉलच्या नादी लागता कशाला? मैद्याची खळ करा. दोन चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग एक कप पाणी, मंद आचेवर सारखं हलवत राहायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची आणि मलमलीतून गाळायची. चिमूटभर मोरचूद घातलं की कसर लागत नाही.

आकाशकंदिलाला दुसरं काही लावूच नका. घोटीव कागदावर ओल्या फडक्यानं हलका हात फिरवायचा आणि खळीनं कामट्यांवर चिकटवायचा. चिकटवताना सुरकुत्या दिसल्या तरी सुकल्यावर डफासारखा ताणून बसतो. करंज्या मात्र कोरड्याच लावाव्यात, ओल्या लावल्या तर फुगा बसतो. हॉलसाठी मोठ्या कंदिलाचं कुणी बघतंय का? कामट्या सोलून ठेवल्यात, पण त्या विमानात कशा न्यायच्या ते सांगा.

प्रेषक: नांदेडचे सर

मामा, कंदिलाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. कागद सुकताना आखडतो म्हणूनच तो ताणून बसतो. तेच आखडणं कार्डाला नडतं. खळीत फेव्हिकॉलपेक्षा कितीतरी जास्त पाणी असतं, ती या कार्डांना नकोच.

मोरचूद तर अजिबात नको. ते विषारी आहे. वह्या बांधणारे घालत असत, पण आपली कार्डं पोरंसोरं हाताळणार, काही फराळाच्या ताटाजवळ ठेवली जाणार. कंदिलाची खळ दोन दिवसांत संपवा, उरली तर फ्रिजमध्ये, आंबूस वास आला की फेकून द्या.

कामट्या लांबीनुसार जुडी बांधून सामानात द्या. सांधे तिकडे गेल्यावर दोऱ्यानं बांधायचे. इथं बांधून नेला तर कोपरे मोडतील.

प्रेषक: सजावट ताई (लीड्स)

फराळाच्या ताटाजवळ काय ठेवायचं ते सजावटीकडे आहे, म्हणून लिहिते. हॉलवाल्यांनी उघडी ज्योत नको म्हणून सांगितलंय, त्यामुळे कंदिलात आणि टेबलावर फक्त एलईडी. मामा, कंदील ४५ सेमीपेक्षा मोठा नको, छताचे हूक लहान आहेत.

फराळाचे द्रोण आम्ही इथंच करतोय. २० सेमी चौरस कागदाचा घडीचा डबा केला की तळ ७ सेमीचा आणि उंची साडेतीन येते. त्यात एक लाडू आणि मूठभर चिवडा बसतो. झाकणाचा चौरस २०.६ सेमीचा. सारख्याच मापाचं झाकण बसत नाही, जोर केला तर कोपरे फाटतात. काकू, हातकागदाचे द्रोण पाठवू नका. चकलीचं तेल दहा मिनिटांत आरपार येतं आणि टेबलक्लॉथला लागतं. आम्ही साधा १२० ग्रॅमचा कागद घेऊन आत बटर पेपर घालतोय. चमकी लावलेला कागद खाण्याच्या वस्तूला कुणीच वापरायचा नाही.

नावाच्या पट्ट्या मात्र हातकागदाच्याच हव्यात. २२ × ३० इंची तावातून १० कार्डं कापल्यावर बाजूला साधारण १४ सेमीची पट्टी उरते ना, तीच द्या. तुटक कडा तशीच ठेवा, सुरेख दिसते. मला ६० पट्ट्या लागतील, ९ × ५ सेमी, मधे आडवी घडी.

प्रेषक: लातूरच्या वहिनी

ताई, ९ × ५ ला आडवी घडी घातली की उभा भाग अडीच सेमीचाच राहतो. त्यात नाव आणि आडनाव दोन ओळींत बसत नाही. ९ × ८ करा. १४ सेमीच्या पट्टीत ९ ची बाजू आडवी ठेवून कापा, तुटकी कड खालच्या बाजूला येऊ द्या. ती वर आली की नाव वाकडं लिहिल्यासारखं वाटतं.

प्रेषक: परभणीच्या काकू

सर, तुमचं अगदी खरं निघालं. मुनिया आधी लागत होती, कारण मुनियेचं काम एकीकडे आणि आतल्या कागदाचं दुसरीकडे चालायचं.

तुमच्या क्रमानं पाच कार्डं करून बघितली. टेप कडेनं, दिशा घडीला समांतर, रात्रभर दाब, सकाळी २ मिमीची मुनिया. पाचही कार्डं फटीतून सरकली, एकाला जरा घासलं. त्यातल्या शेपटीच्या गुंडाळीत वहिनी म्हणतात तसा शंकू होता. बोटानं दाबून बसवला, तेही गेलं.

थेंबाची परीक्षाही केली. एका तावावर थेंब थांबला, दुसऱ्यावर पसरला. ताव सारखे नाहीत, म्हणून पिणारे ताव वेगळे काढले. त्यांच्या नावाच्या पट्ट्या करते, ९ × ८.

आता आधीच्या ७० चं काय करू? मुनिया काढायला गेलं की हातकागदाचा पदर सोलून येतो.

प्रेषक: नांदेडचे सर

काढू नका. आतला कागद तेवढा सोडवा. कडेला पातं घालून हळूच, घडीकडून बाहेर. नाही निघाला तर जबरदस्ती नको. ज्यांचा निघाला ती कार्डं दाबाविना, मुनिया वर करून, दोन दिवस उघडी ठेवा. बऱ्यापैकी सरळ होतील.

आणि एक. परभणीत आत्ता पावसाळी हवा आहे, तिकडे हीटर लागलेल्या घरात हवा कोरडी. बंद खोक्यात ओल राहिली तर ती तिकडे गेल्यावर बाहेर पडते आणि सरळ कार्डंही परत वळतात. वीस-वीसचा गठ्ठा, वर-खाली पुठ्ठा, दोऱ्यानं बांधून प्लास्टिकमध्ये, आत सिलिका जेलची पुडी. तिकडे खोकं उघडलं तरी गठ्ठे दोन दिवस बांधलेलेच ठेवा.

प्रेषक: टपालदादा (लीड्स)

गठ्ठे दोन दिवस बांधलेले ठेवेन.

७० मधली जी पणतीशिवाय सरळ होतील ती टपालानं जातील, ३ मिमीच्या मुनियेसकट ती ४.१ भरतात. जी होणार नाहीत ती हॉलमध्ये दारावर हातोहात देऊ, तिथं फटीचा प्रश्न नाही. नव्या ५० मधली सगळी टपालाला. काकू, खोक्यावर तीन वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावा: 'टपाल, पणतीसह', 'टपाल, पणती नाही', 'हॉल'. पणतीची उंची ८० मिमीच्या वर जाऊ देऊ नका. २० मिमीच्या पायरीवर त्याहून उंच लावली तर कार्ड मिटल्यावर टोक कडेला येऊन भिडतं आणि पाकिटात घालताना वाकतं. सी-६ ची १३० पाकिटं माझ्याकडे आहेत, तिकडून पाकिटं पाठवू नका.