रोममध्ये स्वस्तात पोट भरतं की नाही?

ठाण्याचा भटक्या: रोमला निघालेल्यांनो, केटल आणि पिठल्याची पाकिटं न्याच. पँथिऑन या प्राचीन मंदिरासमोर दोन पास्ता, एक पिझ्झा, पाणी: 58 युरो. वर न मागितलेल्या पावाचे वेगळे. शुद्ध लूट!

तिबेरकाठ: राहवलं नाही म्हणून लिहितेय. पँथिऑनसमोर खुर्चीत बसलात तर जागेचे पैसे जाणारच. मी रोममध्ये चार वर्षं विद्यार्थिनी म्हणून काढली, ती पिझ्झा अल ताल्योवर. काचेमागे लांबलचक ट्रे असतात. बोटांनी ‘एवढा’ दाखवायचा, बाई कात्रीने कापून तराजूवर टाकते, दुमडून कागदात देते. भाव किलोवर. कॉफी काउंटरशी उभ्याने प्यायची, टेबलावर तीच महाग पडते. आणि पाणी विकत कशाला? शहरात सुमारे 2500 नासोनी, म्हणजे पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक नळ आहेत. नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, थेट तोंड लावा. केटल कसली नेताय!

जुना प्रवासी: पावाचं बोला. रोमच्या लात्सिओ प्रांतात 2006 च्या कायद्याने ‘कोपेर्तो’ला, म्हणजे टेबलावर बसण्याच्या आकाराला, बंदी आहे, म्हणून बिलात ‘पाने’, म्हणजे पाव, लिहितात. पाव नको असेल तर आल्या आल्या परत पाठवायचा. खाल्लात की विषय संपला.

सांगलीची शाकाहारी: आणि आम्ही काय खायचं? पेकोरिनो रोमानो या मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये कोकराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं विरजण असतं. आईला घेऊन गेले होते. दोन दिवस तेच चीज घातलेला काचो ए पेपे पास्ता आवडीने खाल्ल्यावर तिला हे कळलं. त्या रात्री ती जेवली नाही.

जुना प्रवासी: परदेशात एवढे नखरे करून कसं चालेल?

सांगलीची शाकाहारी: नखरे? सत्तर वर्षं पाळलेलं व्रत आहे ते. शब्द मागे घ्या.

तिबेरकाठ: खरंच घ्या. ताई, पिझ्झा रोस्सा मागा: नुसता टोमॅटो, चीज नाही. मारिनारातही नसतं. सुप्ली, म्हणजे तळलेला भाताचा गोळा, मात्र नको, आत मोत्झारेल्ला चीज असतं.

जुना प्रवासी: बरं, शब्द चुकला. पण पार्मेजानो चीजलाही वासराचं रेनेट लागतं, हे इथे कितीजण बघतात?

सांगलीची शाकाहारी: आई बघते. आता मीही.

ठाण्याचा भटक्या: माझा मुद्दा राहिलाच. जागा चुकली, मान्य. पण सहा वर्षांची मुलगी उन्हात चालून रडत असताना तिला ‘उभ्याने खा’ सांगून दाखवा.

तिबेरकाठ: हे मात्र खरं, मी एकटीच असायचे. रोमच्या तेस्ताच्चो भागातल्या मंडईत मधल्या चौकात बसायला जागा आहे. दुपारी लवकर जा, रविवारी बंद असते.