नवरा वारला, सातबाऱ्यावर फक्त दिराचं नाव. विधवा सुनेचं आणि मुलांचं नाव कसं लावायचं?

पांढरकवडा_गट

यवतमाळ जिल्ह्यातल्या महिला शेतकरी गटांसोबत काम करते. असा प्रश्न दर दुसऱ्या गावात समोर येतो, म्हणून एका बाईची माहिती नेमकी मांडते.

जमीन ६ एकर कोरडवाहू. सासऱ्यांनी १९८८ मध्ये खरेदीखताने स्वतः घेतलेली. सासरे २०१६ मध्ये वारले, मृत्युपत्र नाही. त्यानंतर सातबाऱ्यावर थोरल्या दिराचं नाव आलं, त्यापुढे "ए.कु.मॅ." (एकत्र कुटुंब मॅनेजर) असं लिहिलंय. बाईचा नवरा २०२१ मध्ये गेला. सासू आहे, दोन नणंदा आहेत (दोघींची लग्नं झालीत), बाईला १४ आणि ९ वर्षांची दोन मुलं आहेत. तोंडी वाटणीत आलेले २ एकर ती कसते. कापूस दिराच्या नावावर विकला जातो. पीककर्ज नाही, विमा नाही, पीएम-किसान नाही, फार्मर आयडी नाही. दीर म्हणतो, "वहिनी, कसताय ना? मग कागद कशाला?"

तिचा हिस्सा किती? सुरुवात कुठून करायची? कोर्टातून वारस दाखला लागेल का? नणंदांचं हक्कसोडपत्र आधी घ्यायचं का?

सर्कल_निवृत्त

ताई, आधी २०१६ च्या फेरफाराची (नावबदलाच्या नोंदीची) नक्कल काढा. पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. सातबाऱ्यावर त्या गटासमोर फेरफार नंबर दिसेल. नक्कल तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. सातबारा डिजिटल सहीचाच काढा, १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो.

नकलेत दोनपैकी एक गोष्ट निघेल.

पहिली शक्यता: फेरफारात सासू, दोन्ही मुलगे आणि दोन्ही मुली असे सगळे वारस लिहिलेत, पण सातबाऱ्यावर "एकत्र कुटुंब मॅनेजर" म्हणून एकट्या थोरल्याचं नाव ओढलंय. मग काम सोपं आहे. एकुमॅ नोंद कमी करण्याचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून किंवा थेट कार्यालयात देता येतो. मूळ फेरफाराच्या आधारे सगळी नावं परत लागतात. सासऱ्यांची स्वकष्टाची जमीन १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने सगळ्या वारसांकडे थेट जाते. तिथे मॅनेजर नेमायला आधारच नाही.

दुसरी शक्यता: फेरफारातच वारस म्हणून फक्त दीर दाखवलाय, बाकीचे लपवलेत. मग महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ चा दुरुस्ती अर्ज करून वेळ घालवू नका. १५५ लेखनातल्या चुकांसाठी आहे, गाळलेल्या वारसांसाठी नाही. त्याच संहितेच्या कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करा. मुदत ६० दिवसांची, ती केव्हाच संपलीय, म्हणून विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि त्याचं प्रतिज्ञापत्र सोबतच जोडा. नोटीस मिळाली नव्हती, अमुक तारखेला नक्कल हाती आली तेव्हा कळलं, हे तारखेसह लिहा. पुष्कळ अपिलं विलंब माफीचा अर्ज नसल्यामुळे पहिल्याच तारखेला पडतात.

सासऱ्यांचे वारस लागले की नवऱ्याची वारस नोंद करायची. क्रम उलटा चालत नाही, कारण मयताचं नाव रेकॉर्डला असल्याशिवाय त्याचे वारस लावता येत नाहीत. या नोंदीसाठी मृत्यू दाखला, सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), सर्व वारसांची नावं-वयं-पत्ते-नाती लिहिलेलं प्रतिज्ञापत्र आणि आधारच्या प्रती द्या. अर्जाची पोच घ्याच, पोचेशिवाय अर्ज देऊन येऊ नका. आधी नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवहीत नोंद होते आणि स्थानिक चौकशी होते. मग नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस थांबतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, ६-अ मध्ये जातं आणि सुनावणी लागते. फेरफार कुठे अडलाय ते "आपली चावडी" वर दिसतं.

मृत्यूची खबर संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत द्यायची असते, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. सोसायटीचा बोजा (कर्जाची नोंद) आहे म्हणूनही वारस नोंद थांबवता येत नाही. बोजा सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात तसाच राहतो.

कोर्टाचा वारस दाखला बिनवादाच्या वारस नोंदीला लागत नाही. तो बँकेतल्या ठेवींसारख्या येण्यासाठी असतो. या गैरसमजात लोकांचे महिने आणि वकिलाची फी दोन्ही जातात.

दिवाणी_वकील

सर्कलसाहेबांनी प्रक्रिया नीट सांगितली आहे. हिस्सा मी मांडतो, कारण इथे बाईची अपेक्षा आणि कायद्याचं गणित यांत मोठं अंतर आहे.

६ एकर म्हणजे २४० गुंठे. २०१६ ला वारस पाच: सासू, दोन मुलगे, दोन मुली. प्रत्येकी ४८ गुंठे. २०२१ ला नवऱ्याच्या ४८ गुंठ्यांचे वारस चार: त्याची आई, बायको, दोन मुलं. प्रत्येकी १२ गुंठे. (हयात आई ही पहिल्या वर्गातली, म्हणजे सर्वांत आधी हिस्सा मिळणारी वारस असते, वडील नसतात. वारसांच्या यादीतून सर्वांत जास्त वेळा सुटणारं नाव म्हणजे सासू.)

म्हणजे बाई १२ आणि मुलं २४, मिळून ३६ गुंठे. सासू ६०, दीर ४८, नणंदा ४८-४८. बाई आज ८० गुंठे कसते आणि मनात हिशोब अर्ध्याचा, म्हणजे ३ एकरांचा असतो. हे तिला आधीच समजावून सांगा. नाहीतर नावं लागल्यावर "आमचं कमी केलं" म्हणून तीच खचते.

आता हक्कसोडपत्र. नणंदांनी हक्क सोडायचा की नाही हा सर्वस्वी त्यांचा निर्णय. मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि एका बाईला जमीन मिळावी म्हणून दुसऱ्या दोघींवर दबाव आणणं मला मान्य नाही. त्या स्वखुशीने सोडणार असतील तर कोणाच्या लाभात सोडतात ते वाक्य दस्तात तपासा. सर्रास दस्त एकट्या भावाच्या नावाने लिहिला जातो. तसं झालं तर नणंदांचे ९६ गुंठे दिराकडे जाऊन त्याचे १४४ होतात आणि बाई ३६ वरच राहते. लाभ दोन्ही शाखांना द्यायचा असेल तर बाईचं आणि मुलांचं नाव, कोणाला किती, हे स्पष्ट लिहा. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच हवा. तलाठ्यासमोरचा जबाब किंवा शंभराच्या स्टॅम्पवरचं संमतीपत्र यांनी हक्क सुटत नाही. वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला जवळच्या नात्यात ५०० रुपये मुद्रांक आहे. ही जमीन मुळात सासऱ्यांची स्वकष्टार्जित, म्हणून कोणता दर लागेल ते मसुदा दाखवून आधीच विचारा.

सासूचे ६० गुंठे ती मृत्युपत्राने नातवंडांना देऊ शकते. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या.

मुलांची नावं "अ.पा.क. आई" (अज्ञान, पालनकर्ती आई) म्हणून लागतील. अज्ञान मुलांच्या हिश्शाची विक्री किंवा हक्कसोड आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. त्यामुळे "तू तुझ्या आणि मुलांच्या वतीने सही कर" असं कोणी म्हटलं तर सही करायची नाही. मुलगा १८ चा झाला की अपाक शेरा कमी करण्याचा अर्ज द्यायचा.

पुनर्विवाहाची भीती घातली जाते. नवरा गेल्या क्षणी हिस्सा तिचा झाला, पुढे लग्न केलं तरी तो परत जात नाही. विधवा सुनेच्या पुनर्विवाहाची अट घालणारं "कलम २४" हे सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातून काढून टाकलेलं आहे.

बांधावरून

सातबाऱ्यावर नाव आलं म्हणजे बांध ठरला असं नाही. नोंद सामाईक असते, कुठला तुकडा कोणाचा ते त्यात नसतं. दिराने त्याचा अविभक्त हिस्सा विकला तर बाहेरचा माणूस सहहिस्सेदार होऊन बसतो.

सगळे सहमत असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे वाटपाचा अर्ज करा. चतुःसीमा, विहीर, पाणी आणि रस्ता वाटपपत्रात लिहा. रस्ता लिहिला नाही तर भांडण पुढच्या पेरणीलाच उभं राहतं. नोंदणीकृत वाटणीपत्र करायचं असेल तर शेतजमिनीला मुद्रांक १०० रुपये आहे. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून पोटहिस्सा मोजणी करून घ्या. तुकडेबंदीमुळे (जमिनीचे फार लहान तुकडे करण्यावरच्या बंदीमुळे) १२ गुंठ्यांचा जिरायत तुकडा वेगळा काढायला अडचण येऊ शकते. आई आणि मुलांचा हिस्सा एकत्रच, सलग ३६ गुंठे मागा.

कोणी मालकीचाच वाद काढला तर ८५ चं काम थांबतं आणि दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावावा लागतो. त्याला घाबरू नका. तालुका विधी सेवा समितीकडून महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं. दिराकडून विक्रीची शक्यता वाटली तर दाव्यासोबत मनाईचा अर्ज द्या आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवा.

कोलामपोड

एक भर. तुमच्या भागात गोंड, कोलाम कुटुंबं पुष्कळ. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, कलम २(२) मध्ये तसं आहे. त्यामुळे वरचं १/५ चं गणित तिथे जसंच्या तसं लावू नका. पण "आदिवासी बाईला वाटा नसतोच" हेही खरं नाही. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ठरवलं की, स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना त्यांच्या वारसांना हिस्सा नाकारणं समानतेच्या हक्काविरुद्ध आहे. अर्जाला त्या निकालाची प्रत जोडा.

वनहक्काचा पट्टा असेल तर कायद्यातच पती-पत्नी दोघांची नावं लिहायची तरतूद आहे. पट्टा विकता येत नाही, पण वारशाने जातो. जुन्या पट्ट्यांवर पत्नीचं नाव आहे का ते नवरा हयात असतानाच तपासा.

पांढरकवडा_गट

सगळ्यांचे आभार. सासूचा हिस्सा सुनेपेक्षा मोठा निघतो हे आमच्या एकाही प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. दोन शंका: नाव लागल्यावर पीएम-किसान मिळेल का? त्यात १ फेब्रुवारी २०१९ ची अट आहे ना? आणि ज्यांचे नवरे हयात आहेत अशा बायकांसाठी आत्ताच काय करता येईल?

सर्कल_निवृत्त

१ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आली तर लाभ नाही, पण खातेदाराच्या मृत्यूमुळे वारशाने आली असेल तर सूट आहे. म्हणून फेरफारात "वारस" हाच प्रकार लिहिलेला हवा. बक्षीसपत्राने किंवा खरेदीने नाव लावून घेतलं तर ही सूट जाते. नाव लागलं की आधी फार्मर आयडी काढा, मग नोंदणी करा. पीककर्जाला १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण सातबाऱ्यावर नाव लागतंच.

नवरा हयात असेल तर लक्ष्मीमुक्ती. शेतकरी संघटनेने १९८९-९० च्या सुमारास ही मोहीम चालवली आणि १९९२ मध्ये शासनाने तसा निर्णय काढला. नवऱ्याने स्वतः तहसीलदारांकडे अर्ज दिला की पत्नीचं नाव सहधारक म्हणून लागतं, खरेदीखत किंवा मुद्रांक लागत नाही. नाव कब्जेदार सदरी (सातबाऱ्यावरच्या मालकांच्या रकान्यात) आलंय का ते बघा. काही ठिकाणी ते इतर हक्कात टाकून देतात आणि मग बँक ते धरत नाही. गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीला घरचा आठ-अ आणायला सांगा, कोणाचं नाव कुठे आहे ते तिथेच वाचता येईल.