घरच्या घरी उघड-बंद होणारं ग्रिल ब्लॉक (गाडीच्या पुढच्या जाळीला झाकण), कोणी केलंय का?

घोडबंदरवासी
नमस्कार मंडळी, एक खटपट डोक्यात आहे, जरा सांगा वेडेपणा आहे की करण्यासारखं आहे. गाडी सेकंडहँड हॅचबॅक, कंपनी फिटेड सीएनजी. राहतो कासारवडवलीला, ऑफिस महापे. गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापलं की आपोआप गॅसवर जाते, पण माझी सकाळी मानपाड्यापर्यंत पेट्रोलच पीत बसते. ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) लावून बघितलं तर आणखी एक गंमत, नाशिकला जाताना पडघ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि ऐंशी-नव्वदचा स्पीड धरला की कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, टेंपरेचर 70 च्या आसपास येऊन बसतं, आणि विटाव्याला ट्रॅफिकमधे अडकलो की 90 च्या वर.

तर विचार असा की ग्रिलच्या मागे सनपॅक शीटचे (बोर्डांसाठी वापरतात ती पोकळ प्लास्टिकची शीट) तीन फ्लॅप बसवायचे, सायकलची ब्रेक केबल आत डॅशबोर्डखाली आणायची, हायवेला बंद, ट्रॅफिकमधे उघडे. काही फॉरेनच्या गाड्यांना कंपनीच देते हे, मोटरवर चालणारं. इंजिन लवकर तापेल, हवा कमी अडेल, अ‍ॅव्हरेज वाढेल असा हिशोब. सर्व्हो मोटर लावून ऑटोमॅटिक करायचाही मोह होतोय. कोणी केलं असेल तर सांगा, फोटो असले तर सोन्याहून पिवळं.

नटबोल्ट
करता येतं, अवघड काही नाही. सनपॅक विकत आणू नकोस, बोर्ड बनवणाऱ्याकडे तुकडे पडलेले असतात. शीटच्या आतल्या नळ्या आडव्या येतील असं काप आणि एका नळीतून सायकलचा स्पोक घाल, तोच तुझा पिव्हट, बिजागरी वगैरे काही लागत नाही. स्पोक मधोमध घालू नकोस, वरच्या कडेपासून दोन-तीन नळ्या सोडून घाल, म्हणजे फ्लॅपचा मोठा भाग खाली लटकेल आणि समोरून येणारा वारा त्याला मागे ढकलून उघडेल. केबलने ओढलं की बंद, सोडलं की स्प्रिंगने उघडं, असंच ठेवायचं, उलटं अजिबात नाही. केबल कधीतरी तुटणारच आहे, ती तुटली तर फ्लॅप उघडे राहिले पाहिजेत, बंद नाहीत. आत ओढायला ब्रेकचा लिव्हर नको, जुन्या गिअरच्या सायकलचा बोटाने फिरवायचा शिफ्टर मिळाला तर बघ, बिनखटक्यांचा, तो जिथे ठेवशील तिथे थांबतो. फ्लॅप मागे उघडून रेडिएटरच्या जाळीला घासणार नाहीत एवढी जागा आहे का ते आधी मोजून घे, हॅचबॅकमधे तिथेच गाडं अडतं.

सर्व्होचा नाद सोड. ग्रिलमागे पावसाळ्यात जो चिखल उडतो त्यात ती महिनाभर टिकली तरी खूप झालं.

आणि फक्त वरची ग्रिल. बंपरमधली खालची जाळी मोकळी ठेव, खरी हवा तिथूनच जाते. वरच्या ग्रिलमागे टॉर्च मारून बघ आधी, बऱ्याच गाड्यांत अर्धी ग्रिल नुसती शोभेची असते, मागे सलग प्लास्टिक. एअर फिल्टरचं तोंडही बहुतेक तिथंच बॉनेटखाली असतं, ते झाकलंस तर इंजिनचा श्वासच कोंडेल.

ऐरोलीकर
ठाण्यात ग्रिल ब्लॉक? जानेवारीत पहाटे आपल्याकडे अठरा डिग्री झालं तरी लोक कानटोप्या घालतात, इंजिनला काय थंडी वाजणार.

सिरियसली बोलायचं तर हिशोब बघ. हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गाने वाढतो, 60 ऐवजी 120 ने गेलास तर चौपट. म्हणजे हे प्रकरण कामाला येईल ते फक्त मोकळ्या हायवेला, ठाणे-बेलापूर रोडला तासाला पंचवीसच्या स्पीडने जाताना वाऱ्याशी तुझं भांडणच नाही. समृद्धीवर आमणे ते नागपूर 700 किमी धर, वीसचं अ‍ॅव्हरेज धर, 35 लिटर पेट्रोल. ग्रिल झाकून दोन टक्के वाचले असं जरी मानलं, आणि वरची अर्धी ग्रिल झाकून तेवढे वाचतील असं मला तरी वाटत नाही, तरी पाऊण लिटरही होत नाही. एवढ्यात वाटेत चहा-वडा येईल. त्यापेक्षा 110 ऐवजी 90 ने जा, हवेचा अडथळा सरळ एक तृतीयांश कमी, आणि शीट नको, स्पोक नको.

दुसरं, एसी. त्याची गरमी बाहेर टाकणारी जाळी, कंडेन्सर, रेडिएटरच्या पुढे असते, फ्लॅप बंद केलास की पहिली तीच तापते. मे महिन्यात कळवा नाक्याला फ्लॅप उघडायचा विसरलास तर आत बसून कळेलच. कसारा घाट तर सगळ्यात वाईट, स्पीड कमी, इंजिनवर लोड जास्त, एसी चालू.

नटबोल्ट
@ऐरोलीकर पैसे वाचवायला कोण करतंय, असल्या गोष्टी हौसेला असतात.

कळव्याचा काका
अरे बाळांनो, फ्लॅप राहू दे बाजूला, त्याने जे आकडे दिलेत ते कोणी वाचले का? हायवेला 70 आणि ट्रॅफिकमधे 90. चांगल्या इंजिनात असं होत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याच्या वाटेतला व्हॉल्व्ह, साधारण 82 ते 88 ला उघडतो, त्याच्या खाली तो पाणी रेडिएटरकडे जाऊच देत नाही, म्हणजे पडघ्याला कितीही वारा लागला तरी 70 ला यायचं कारणच नाही. तुझा थर्मोस्टॅट एकतर उघडा अडकलाय नाहीतर जागेवर नाहीच. सेकंडहँड म्हणालास ना, मग दुसरीच शक्यता जास्त. गाडी गरम होतेय म्हणून कोणी आलं की थर्मोस्टॅट काढून फेकायचा ही आपल्याकडे जुनी रीत. फॅन खराब, रेडिएटर चोक, काहीही असो, औषध एकच. त्यावर फ्लॅप लावणं म्हणजे दार सताड उघडं ठेवून खिडकीला पडदा लावणं.

तपासायला पैसे लागत नाहीत. सकाळी गार इंजिन असताना बॉनेट उघड, गाडी सुरू कर, आणि इंजिनकडून रेडिएटरला जाणारा वरचा जाड होज (रबरी पाइप) हातात धर. फॅनपासून हात लांब, तो कधीही फिरतो. थर्मोस्टॅट चांगला असेल तर इंजिन तापत जाईल पण होज बराच वेळ गारच राहील आणि मग एकदम चटका बसेल इतका गरम होईल. सुरुवातीपासून हळूहळू कोमट व्हायला लागला तर समजून जा. डोंगलमधे P0128 हा कोड दिसतोय का तेही बघ, तो याचाच असतो, पण नाही दिसला तरी होजवर विश्वास ठेव.

मानपाड्यापर्यंत पेट्रोल पिण्याचं कारणही हेच. गॅसच्या रिड्यूसरला (गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग) ऊब इंजिनच्या पाण्याचीच मिळते, पाणी तापेपर्यंत गाडी गॅसवर जाणार नाही, आणि तोवर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिन गार आहे असं समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो. अ‍ॅव्हरेज तिथं जातंय, ग्रिलमधून नाही.

घोडबंदरवासी
काका, दंडवत! होज बघितला, सुरू केल्यापासून कोमट होत गेला, चटका वगैरे काही नाही. कोड नव्हता. मग गॅरेजला नेऊन हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही, नुसती पोकळी, आणि पाणी तपकिरी, कूलंट औषधालाही नाही. आधीच्या मालकाला फोन केला तर म्हणे आम्ही तर काही काढलं नाही. असो. नवीन थर्मोस्टॅट, नवीन गास्केट टाकलं, सिस्टिम फ्लश करून कूलंट भरलं. आता नाशिक हायवेला 86-88 च्या मधे खिळल्यासारखं राहतं आणि सकाळी वाघबीळ यायच्या आत गाडी गॅसवर.

आता विचारायला लाज वाटतेय, पण सनपॅकचे तुकडे आणून ठेवलेत. वरच्या ग्रिलपुरतं केलं तर चालेल का?

ऐरोलीकर
😂😂 सोसायटीच्या गणपतीच्या मखराला वापर.

कळव्याचा काका
आधी एक काम. ज्याने कोणी थर्मोस्टॅट काढला त्याने काहीतरी कारणाने काढला असणार, गाडी तेव्हा गरम होत असेल. ते कारण अजून आत असू शकतं. एसी लावून विटाव्याच्या ट्रॅफिकमधे उभा रहा आणि आकडा बघ. 95-100 च्या दरम्यान फॅन लागून परत खाली आला तर ठीक. वर चढतच गेला तर एसी बंद कर, बाजूला घे आणि रेडिएटर साफ करायला दे. कूलंटची टाकीही आठवडाभर सकाळी गार इंजिनावर बघत जा, लेव्हल थोडी उतरेल, आत राहिलेली हवा निघते, तेवढी भर घाल. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे सांगायला नको. हे सगळं नीट निघालं तर कर तुझी हौस, वरची ग्रिल फक्त, स्प्रिंग उघडण्याच्या बाजूने. आणि मार्चपासून काढून ठेव.

डोंबिवली_फास्ट_नाही
मधेच घुसतोय, डिसेंबरात डिझेल गाडी घेऊन स्पितीला चाललोय, तिकडे ट्रकवाले ग्रिलला रेक्झिन बांधतात ते हेच का? ठाण्यातूनच काही बनवून नेऊ का?

नटबोल्ट
हेच ते, आणि तिकडे खरंच लागतं. इथून काही नेऊ नकोस, पुठ्ठा तिथेही मिळतो. अर्धी ग्रिल झाक, टेंपरेचर बघत रहा, आणि खाली उतरलास की आठवणीने काढ. कूलंटमधे अँटीफ्रीझचं प्रमाण मात्र निघायच्या आधी इथेच तपासून घे, नुसतं पाणी असेल तर रात्री गोठून इंजिनचा ब्लॉक फुटेल, आणि डिझेल थंडीत मेणासारखं जमतं, तेव्हा वर चढल्यावर टाकी तिकडच्या पंपावरच भर, हिवाळ्यात तिथे वेगळं डिझेल मिळतं.

घोडबंदरवासी
@काका एसी लावून तासभर अडकून बघितलं, 97 ला फॅन लागला आणि 91 ला आला, दर वेळी. @ऐरोलीकर मखर नाही, या रविवारी फ्लॅपच कापतोय. कोणाकडे जुना शिफ्टर पडलेला असेल तर कळवा, माजिवड्याला येऊन घेऊन जाईन.